छत्तीस महिन्यांची शिदोरी

२०१२ सालच्या जूनपर्यंत एखाद्या अमेरिकी सैनिकाने शिक्षणाच्या सवलतींची माहिती काढायची म्हणून इंटरनेटवर 'जीआय बिल' असा शोध घेतला, की जीआयबिल डॉट कॉम नावाची वेबसाइट त्याच्यापुढे हजर व्हायची. नाव थेट कायद्याचे, थाट सरकारी. तिथे त्याने आपली माहिती आणि फोन नंबर भरला, की कोणती कॉलेजे 'सैनिकांसाठी उत्तम' आहेत याची यादी मिळायची. ही यादी सरकारने केलेली नव्हती. वेबसाइट क्विनस्ट्रीट नावाच्या कॅलिफोर्नियातल्या मार्केटिंग कंपनीची होती. विद्यार्थ्यांची नावे आणि फोन नंबर कॉलेजांना विकणे हा तिचा धंदा होता, आणि यादीत झळकणारी कॉलेजे तिचीच गिऱ्हाइके होती. त्यांतली बहुतेक नफ्यासाठी चालणारी. शेवटी २० राज्यांचे ॲटर्नी जनरल एकत्र आले. कंपनीने २५ लाख डॉलर भरले आणि ते नाव अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या हवाली केले.

बावीस-तेवीस वर्षांच्या शिपायाचा फोन नंबर मिळवण्यासाठी एवढा खटाटोप कशाला? त्याचे कारण त्याच्या नावावर सरकारने राखून ठेवलेल्या पैशात आहे. हा पैसा बुडत नाही, त्याला तारण लागत नाही आणि शिकणारा तो स्वतःच्या पगारातून देत नसल्याने घासाघीसही करत नाही. फौजेतल्या माणसाला ऑनलाइन पदवी निवडायला आज शेकडो पर्याय आहेत. पण पर्याय शोधायला तो निघण्याआधीच पर्याय त्याला शोधत येतात. या निवडीची सगळी गोम तिथे आहे.

दोन खिसे

अमेरिकी सैनिकाच्या शिक्षणाचा पैसा मुख्यतः दोन खिशांतून येतो. पहिला नोकरीत असतानाचा. त्याचे नाव ट्युइशन असिस्टन्स, बराकीतल्या बोलण्यात नुसते 'टीए'. संरक्षण खात्याने त्याची कमाल मर्यादा ठरवून दिली आहे: एका क्रेडिटला २५० डॉलर आणि आर्थिक वर्षाला ४,५०० डॉलर. टीएतून फक्त शिकवणीची फी मिळते. पुस्तके, तंत्रज्ञान शुल्क आणि इतर किरकोळ आकारणी सैनिकाच्या पदरची. पदवीच्या वर्गात 'सी'पेक्षा कमी श्रेणी मिळाली, तर घेतलेला पैसा परत करावा लागतो.

आता हिशेब मांडून पाहावा. २५० डॉलरच्या दराने ४,५०० डॉलरमध्ये वर्षाला १८ क्रेडिट होतात. बॅचलर पदवीला साधारण १२० लागतात. म्हणजे नुसत्या टीएवर पदवी पुरी करायला जवळपास पावणेसात वर्षे जातात, तीही मध्ये एकही सत्र बुडाले नाही तर. चार वर्षांच्या करारावर भरती झालेल्या तरुणाला पूर्ण जोर लावूनही फार तर ७२ क्रेडिट मिळतील. 'नोकरी करता करता फुकट पदवी' या जाहिरातीत हे गणित कधी दिसत नाही.

दुसरा खिसा मोठा आहे. व्हिएतनाममध्ये लढलेले सिनेटर जिम वेब यांनी लावून धरलेला नवा जीआय बिल २००८ मध्ये मंजूर झाला आणि १ ऑगस्ट २००९ पासून लागू झाला. ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या सेवेसाठी असलेल्या या कायद्याखाली पूर्ण पात्र माजी सैनिकाला सरकारी विद्यापीठाची राज्यातल्या रहिवाशाला लागू असलेली सगळी फी मिळते. खासगी कॉलेजसाठी वार्षिक मर्यादा असते. पुस्तकांना वर्षाला १,००० डॉलरपर्यंत आणि शिवाय घरभाड्याचा भत्ता. मात्र ही सवलत मोजली जाते महिन्यांत. एकूण ३६ महिने, म्हणजे नऊ-नऊ महिन्यांची चार शैक्षणिक वर्षे. ही शिदोरी एकदाच बांधून मिळते, आणि ती कुठे सोडायची हे ठरवताना सैनिकाचे वय बहुधा पंचविशीच्या आत असते.

ऑनलाइन शिकणाऱ्यासाठी इथे एक मेख आहे. वर्गात जाऊन शिकणाऱ्याला कॉलेजच्या पिनकोडप्रमाणे घरभाडे मिळते. सगळेच विषय ऑनलाइन घेणाऱ्याला मात्र राष्ट्रीय सरासरीच्या निम्मे. महागड्या शहरात हा फरक महिन्याला हजार डॉलरच्याही पुढे जाऊ शकतो. म्हणून फौज सोडलेले जाणकार विद्यार्थी सत्रात निदान एक विषय प्रत्यक्ष वर्गात बसून घेतात. अजून गणवेशात असलेल्याला हा भत्ता मिळतच नाही, त्यामुळे नोकरीत असतानाच जीआय बिलाला हात घालणारा आपल्या ३६ महिन्यांतला भत्त्याचा भाग सोडून देतो. शहाणी वाट अशी: नोकरीत असताना टीएवर जमेल तेवढे शिकायचे आणि जीआय बिल नंतरच्या मास्टर्ससाठी राखायचा. सहा वर्षे सेवा झालेल्याने आणखी चार वर्षांची हमी दिली, तर न वापरलेले महिने बायकोच्या, नवऱ्याच्या किंवा मुलांच्या नावावरही करता येतात. चुकीच्या कॉलेजात गेलेला महिना कधी कधी लेकीच्या वाट्याचा असतो.

टपालापासून लॅपटॉपपर्यंत

फौजीला दुरून शिकवण्याची कल्पना इंटरनेटने आणलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरल्यावर १९४२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात एक संस्था निघाली आणि पुढे ती 'युनायटेड स्टेट्स आर्म्ड फोर्सेस इन्स्टिट्यूट' या नावाने ओळखली गेली. ती टपालाने धडे पाठवायची. सैनिक स्वाध्याय सोडवून टपालानेच परत धाडायचा. ही संस्था १९७४ पर्यंत चालली. १९४९ च्या ऑक्टोबरात मेरिलँड विद्यापीठाने आपले प्राध्यापकच जर्मनीतल्या तळांवर पाठवले. बर्लिन, फ्रँकफर्ट, हायडेलबर्ग, म्युनिक, न्यूरेंबर्ग आणि वीसबाडेन या सहा ठिकाणी वर्ग सुरू झाले. त्याच विद्यापीठाची ही शाखा आज 'युनिव्हर्सिटी ऑफ मेरिलँड ग्लोबल कॅम्पस' म्हणून ऑनलाइन शिकणाऱ्या फौजींमध्ये सर्वांत ओळखीच्या नावांपैकी एक आहे.

२००१ च्या जानेवारीत अमेरिकी भूदलाने 'ई-आर्मीयू' सुरू केले. प्राइसवॉटरहाउसकूपर्सला ४५.३ कोटी डॉलरचे कंत्राट दिले गेले. जॉर्जियातले फोर्ट बेनिंग, केंटकीचे फोर्ट कॅम्पबेल आणि टेक्ससचे फोर्ट हूड या तीन तळांवरच्या नाव नोंदवलेल्या सैनिकांना लॅपटॉप, प्रिंटर आणि इंटरनेटची जोडणी मिळाली. एका पोर्टलवर अनेक कॉलेजे दिसू लागली. त्याच वर्षी सप्टेंबरात न्यूयॉर्कचे टॉवर कोसळले, सैनिक अफगाणिस्तानात आणि पुढे इराकमध्ये गेले, आणि जिथे कोणतेही कॉलेज पोहोचू शकत नाही अशा ठिकाणी ऑनलाइन वर्ग हाच एकमेव वर्ग उरला.

लुबाडणुकीचा इतिहासही तेवढाच जुना आहे. पहिल्या जीआय बिलाचा मसुदा अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे हॅरी कोल्मरी यांनी वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलात, हॉटेलच्याच कागदांवर लिहिला. २२ जून १९४४ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यावर सही केली. १९४७ मध्ये अमेरिकी कॉलेजांतल्या प्रवेशांपैकी ४९ टक्के माजी सैनिकांचे होते. या सोनेरी आकड्याच्या सावलीत दुसरेच पीक वाढत होते. सरकार वर्षाला ५०० डॉलरपर्यंतची फी थेट शाळेला द्यायचे. ते पाहून धंदेशिक्षणाच्या असंख्य खासगी शाळा रातोरात उघडल्या. न झालेल्या तासांची बिले, फुगवलेली हजेरी, कवडीमोल कोर्स. टेक्ससचे खासदार ओलिन टीग यांच्या समितीने हे सगळे वेशीवर टांगले. मग १९५२ च्या कायद्यात, कोरियन युद्धातल्या सैनिकांसाठी, पैसा शाळेऐवजी सैनिकाच्या हातात देण्यात आला. आणखी एक अट आली: अशा खासगी शाळांच्या कोर्सला सरकारी पैशावर शिकणारे माजी सैनिक ८५ टक्क्यांहून जास्त असता कामा नयेत. शंभरातले निदान पंधरा जण तरी स्वतःच्या खिशातून फी भरायला तयार असतील, तर त्या शिक्षणाची बाजारात काही किंमत आहे, असा त्यामागचा विचार.

गणवेशातल्या डॉलरचा गुणाकार

हाच विचार पुढे सगळ्या नफेखोर कॉलेजांना लागू झाला. १९९२ मध्ये ८५ टक्क्यांची आणि १९९८ पासून ९० टक्क्यांची मर्यादा आली. केंद्रीय शिक्षण खात्याच्या कर्जांतून आणि अनुदानांतून कॉलेजला जास्तीत जास्त ९० टक्के उत्पन्न घेता येईल. उरलेले किमान १० टक्के दुसरीकडून आणायचे. नियम कडक वाटतो. पण टीए आणि जीआय बिलाचा पैसा शिक्षण खात्यातून येत नसल्याने तो 'दुसरीकडच्या' रकान्यात धरला जायचा. परिणाम असा, की सैनिकामागे मिळालेला एक डॉलर कॉलेजला सरकारी कर्जाचे आणखी नऊ डॉलर घ्यायची मुभा द्यायचा. कॉलेजला सैनिक त्याच्या फीपेक्षा कितीतरी महाग का वाटत होता, ते यावरून कळते.

सप्टेंबर २०११ मध्ये हॉली पेट्रेयस यांनी न्यूयॉर्क टाइम्समधल्या लेखात ही पळवाट सामान्य वाचकापुढे मांडली. त्या जनरल डेव्हिड पेट्रेयस यांच्या पत्नी. त्या वेळी ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणासाठी नव्याने निघालेल्या सरकारी ब्युरोत सैनिकांच्या प्रश्नांचे काम त्यांच्याकडे होते. नॉर्थ कॅरोलिनातल्या कँप लजून या मरीन तळावर एका नफेखोर कॉलेजचा प्रतिनिधी जखमी सैनिकांच्या बराकीपर्यंत पोहोचल्याची हकीगत त्यांनी सांगितली. मेंदूला जबर इजा झालेल्या मरीननी प्रवेश घेतला होता. आपण कोणते कोर्स घेतलेत हेही त्यांना आठवत नव्हते.

पुढच्या जुलैत सिनेटर टॉम हार्किन यांच्या समितीचा दोन वर्षांच्या चौकशीनंतरचा अहवाल आला. नव्या जीआय बिलाचा पैसा सर्वाधिक मिळवणाऱ्या पहिल्या दहा संस्थांपैकी आठ नफ्यासाठी चालणाऱ्या होत्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी जॉर्जियातल्या फोर्ट स्ट्युअर्टवर जाऊन एका आदेशावर सही केली होती: खर्चाची माहिती आधी स्पष्ट द्या, फसवी भरती करू नका, बदली किंवा मोहिमेमुळे शिक्षण थांबले तर परत प्रवेश द्या. टीए घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला संरक्षण खात्याशी सामंजस्य करार करणेही बंधनकारक झाले. मूळ पळवाट बुजायला मात्र मार्च २०२१ उजाडावे लागले. कोविडकाळातल्या मोठ्या मदत कायद्यात ते कलम घातले गेले आणि २०२३ पासून त्याचे नियम अमलात आले.

दारे बंद झाली तेव्हा

२७ एप्रिल २०१५ रोजी कोरिंथियन कॉलेजेसने उरलेल्या सगळ्या शाखा एका दिवसात बंद केल्या. ६ सप्टेंबर २०१६ रोजी आयटीटी टेक या ३८ राज्यांत पसरलेल्या साखळीने तेच केले. त्या दिवशी जवळपास ४०,००० विद्यार्थी अधांतरी लटकले. त्यांत सुमारे ७,००० माजी सैनिक होते. ज्यांनी सरकारी कर्ज काढले होते त्यांचे कर्ज पुढे माफ झाले, कोरिंथियनचे जून २०२२ मध्ये आणि आयटीटीचे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. पैशाची भरपाई उशिरा का होईना, झाली.

महिन्यांची भरपाई एवढी सोपी नव्हती. खर्ची पडलेले महिने परत देण्याचा अधिकारच माजी सैनिक खात्याकडे नव्हता. दोन वर्षे शिकून, एकही उपयोगी क्रेडिट हाती नसताना, सैनिकाच्या खात्यावर ३६ पैकी निम्मे महिने 'वापरले' अशी नोंद होती. त्यासाठी संसदेला नवा कायदा करावा लागला. २०१७ च्या या कायद्याला हॉटेलच्या कागदावर पहिला मसुदा लिहिणाऱ्या हॅरी कोल्मरी यांचेच नाव आहे. त्याने बंद पडलेल्या संस्थांमधले महिने परत केले आणि १ जानेवारी २०१३ नंतर फौज सोडलेल्यांसाठी सवलत वापरायची १५ वर्षांची मुदतही काढून टाकली.

कोरिंथियनच्या बऱ्याच शाखांना आणि आयटीटीला मान्यता देणारी संस्था एकच होती, 'एसीआयसीएस'. सरकारने तिची स्वतःचीच मान्यता २०१६ मध्ये काढली, २०१८ मध्ये परत दिली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये कायमची रद्द केली. कॉलेजच्या जाहिरातीत 'मान्यताप्राप्त' असे ठळक छापलेले असायचे, आणि ते खोटे नव्हते. कोणाची मान्यता, एवढेच विचारायचे राहून गेले.

मोठी नावेही सुटली नाहीत. युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्सला संरक्षण खात्याने ऑक्टोबर २०१५ मध्ये तळांवर भरतीसाठी येण्यास बंदी घातली होती. परवानगीशिवाय सैन्याची चिन्हे असलेली नाणी वाटणे हे त्यातले एक कारण. जानेवारी २०१६ मध्ये बंदी उठली. डिसेंबर २०१९ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने फसव्या जाहिरातींबद्दल केलेल्या दाव्यात तडजोड झाली: १९.१ कोटी डॉलर, त्यांतले ५ कोटी रोख आणि उरलेली विद्यार्थ्यांची कॉलेजकडची थकबाकी माफ. नामवंत कंपन्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी नोकऱ्या घडवायला विद्यापीठासोबत काम करत आहेत असा आभास निर्माण केला, हा आरोप होता.

सरकारी की नफेखोर, हा प्रश्न पुरत नाही

यातून 'नफ्यासाठी चालणारे ते वाईट' असा सरळ निष्कर्ष काढला तर तोही फसवा ठरतो. अमेरिकन मिलिटरी युनिव्हर्सिटी हे निवृत्त मरीन अधिकारी जेम्स एटर यांनी १९९१ मध्ये सुरू केलेले विद्यापीठ. त्याची पालक कंपनी शेअर बाजारात आहे, तरी टीए वापरणाऱ्यांमध्ये ते वर्षानुवर्षे आघाडीवर राहिले. त्याने सैनिकांसाठी क्रेडिटचा दर २५० डॉलर ठेवला. मेरिलँडच्या सरकारी ग्लोबल कॅम्पसचाही सैनिकांसाठीचा पदवीचा दर तोच. सरकारने घातलेली कमाल मर्यादा हीच बाजाराची किंमत होऊन बसली.

उलट बाजूने सरकारी विद्यापीठांनी नफेखोर संस्था विकत घेतल्या. इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठाने कॅप्लन युनिव्हर्सिटी घेतली आणि २०१८ मध्ये तिचे पर्ड्यू ग्लोबल झाले. २०२० मध्ये ॲशफर्ड युनिव्हर्सिटी ॲरिझोना विद्यापीठाच्या छत्राखाली आली. दोन्ही व्यवहारांत नाममात्र किंमत एक डॉलर. ॲशफर्डच्या जुन्या कारभाराबद्दल कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये २.२ कोटी डॉलरहून जास्त दंड ठोठावला, तोवर पाटीवरचे नाव बदललेले होते. पाटी पाहून प्रवेश घेणाऱ्याला आता पाटीमागचा इतिहासही पाहावा लागतो.

मग निवड करायची कशी? तळावरच्या एज्युकेशन सेंटरमधला चांगला समुपदेशक कॉलेजची नावे सांगण्याआधी पदवी कशासाठी हवी ते विचारतो. भूदलात सार्जंटच्या बढतीसाठी नागरी शिक्षणाचे गुण धरले जातात. तेवढेच हवे असेल तर सोयीचे कोणतेही मान्यताप्राप्त क्रेडिट चालते. अधिकारी व्हायचे तर बॅचलर पदवी लागते, विषयाला बहुतेक ठिकाणी दुय्यम महत्त्व. मात्र फौजेनंतर नर्स, शिक्षक किंवा इंजिनिअर व्हायचे असेल, तर राज्याचा परवाना आणि त्या व्यवसायाची स्वतंत्र मान्यता बघावी लागते. तिथे 'ऑनलाइन आहे, स्वस्त आहे, पटकन होते' या तिन्ही गोष्टी जमूनही पदवी निरुपयोगी निघू शकते.

दुसरी पायरी आधीच कमावलेल्या क्रेडिटची. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन ही संस्था महायुद्धापासून लष्करी प्रशिक्षणाचे शैक्षणिक मोल ठरवत आली आहे. रडार दुरुस्तीचा, प्रथमोपचाराचा, नेतृत्वाचा कोर्स म्हणजे कॉलेजची किती क्रेडिट, हे ती शिफारस म्हणून सांगते. भूदल, नौदल, मरीन आणि तटरक्षक दलातल्या सैनिकाला ही नोंद 'जॉइंट सर्व्हिसेस ट्रान्सक्रिप्ट'वर मिळते. हवाई दलाची वाट आणखी सोपी आहे. १९७२ मध्ये निघालेले त्यांचे स्वतःचे कम्युनिटी कॉलेज प्रशिक्षणालाच असोसिएट पदवीत मोजते. २००७ पासूनच्या एका योजनेत ठरावीक विद्यापीठे ती पदवी धरून पुढच्या ६० क्रेडिटमध्ये बॅचलर देतात. शिवाय क्लेप आणि डीएसएसटी या परीक्षा आहेत. विषय स्वतः वाचायचा, परीक्षा द्यायची, पास झाले की क्रेडिट. नोकरीतल्या सैनिकाचा पहिल्या प्रयत्नाचा खर्च सरकार उचलते. १२० चा डोंगर जेवढा इथे खाली येईल, तेवढी टीएची पावणेसात वर्षे आटोक्यात येतात.

इथेच जाहिरातीतली सर्वांत गोड ओळ तपासायची असते: 'आम्ही तुमची ९० क्रेडिटपर्यंत स्वीकारतो'. स्वीकारणे वेगळे आणि पदवीच्या अटींत धरणे वेगळे. ट्रान्सक्रिप्टवरची क्रेडिट बहुतेकदा 'ऐच्छिक विषय' या रकान्यात जाऊन पडतात. तो रकाना भरला, की पुढची सगळी वाया. म्हणून जाणता सैनिक प्रवेशाआधीच कॉलेजकडून लेखी हिशेब मागतो. कोणते क्रेडिट कोणत्या विषयाच्या जागी धरले, आणि माझे किती विषय उरले? असा कागद द्यायला जे कॉलेज 'आधी नाव नोंदवा, मग पाहू' म्हणते, त्याचा विचार तिथेच सोडता येतो. पदवीसाठी स्वतःच्या संस्थेत किमान किती क्रेडिट घ्यावी लागतात, ही अटही याच वेळी विचारायची. ती अनेक ठिकाणी एकूण क्रेडिटच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास असते.

मान्यतेचा प्रश्नही वरवर मिटलेला, आत जिवंत आहे. पूर्वी प्रादेशिक मान्यता वरची आणि राष्ट्रीय मान्यता खालची समजली जायची. जुलै २०२० पासून शिक्षण खात्याने हा भेद कागदोपत्री काढला. पण जुन्या प्रादेशिक संस्थांच्या मान्यतेतली विद्यापीठे दुसऱ्या गटातली क्रेडिट घेताना अजूनही हात आखडतात. त्यामुळे एक व्यावहारिक चाचणी उरते: आपल्या गावच्या सरकारी विद्यापीठाला फोन करायचा आणि या ऑनलाइन कॉलेजची क्रेडिट तुम्ही घ्याल का, ते विचारायचे.

शेवटी वेळापत्रक. फौजींसाठीची ऑनलाइन सत्रे बहुधा आठ आठवड्यांची असतात, कारण सोळा आठवडे एका जागी राहण्याची खात्री कोणालाच नसते. जहाजावर इंटरनेट मंद आणि तुटक, पाणबुडीत तर नाहीच. सरावाला गेलेल्या तुकडीत लॅपटॉप उघडायला वेळ नाही. अशा वेळी प्राध्यापक मुदत वाढवतो का, मोहिमेचा हुकूम आला तर दंड न होता बाहेर पडता येते का, परत आल्यावर त्याच टप्प्यावर घेतात का, हे विद्यापीठाच्या नियमपुस्तिकेत सापडले पाहिजे. फोनवरच्या गोड माणसाने दिलेला शब्द श्रेणी 'एफ' लागल्यावर कामाला येत नाही. माजी सैनिक खात्याने २०१४ मध्ये सुरू केलेल्या तुलनेच्या साधनावर प्रत्येक संस्थेचे पदवी पूर्ण होण्याचे प्रमाण, खर्च आणि सावधानतेचे इशारे दिसतात. ते पाहायला दहा मिनिटे लागतात.

अग्निवीराच्या हातातला धनादेश

भारतात ही गोष्ट वेगळ्या वाटेने आली. इथे सैनिकाला कॉलेजात वटवता येईल अशी सवलत नाही, म्हणून कॉलेजचा दलालही बराकीच्या दाराशी उभा नसतो. जवानाची अडचण उलटी होती: सतरा-अठराव्या वर्षी दहावी-बारावीवर भरती आणि निवृत्तीच्या वेळी हातात पदवी नाही. दहावी झालेल्या आणि किमान १५ वर्षे सेवा केलेल्या माजी सैनिकाला केंद्र सरकारच्या काही पदांसाठी पदवीधरासारखे धरले जाते. पण ती सोय नोकरीपुरती. तिच्यावर एमएला प्रवेश मिळत नाही. इग्नू आणि भूदल यांच्या 'ज्ञानदीप' प्रकल्पाने लष्करी प्रशिक्षणाला शैक्षणिक क्रेडिट देण्याचा प्रयत्न केला होता.

१४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली आणि १५ वर्षांचा तो आधार चार वर्षांच्या अग्निवीराच्या कामाचा राहिला नाही. दुसऱ्याच दिवशी शिक्षण मंत्रालयाने इग्नूच्या तीन वर्षांच्या पदवीची घोषणा केली. निम्मी क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणाची आणि निम्मी इग्नूच्या विषयांची. त्या यादीत भाषा, इतिहास, अर्थशास्त्र, गणित, वाणिज्य, पर्यटन, शेती आणि ज्योतिषसुद्धा आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी. अमेरिकेने अनेक दशके शिफारशींवर चालवलेले काम इथे पदवीच्या आराखड्यातच घातले, ही या योजनेची जमेची बाजू.

अवघड भाग चार वर्षांनंतरचा. जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर कायम होतील. बाकीचे मूळ घोषणेनुसार सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी घेऊन बाहेर पडतील. वय एकवीस ते पंचवीसच्या आसपास, हातात एकरकमी पैसा आणि पदवीची निकड. विक्रेत्यांना ओढून आणणाऱ्या या तिन्ही गोष्टी अमेरिकेत एकत्र आल्या तेव्हा काय झाले, ते वर आलेच आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर या भरतीच्या पट्ट्यात 'घरबसल्या पदवी'चे फलक नवे नाहीत.

आपल्याकडची ठेच जुनी आहे. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांनी परवानगीविना दूरशिक्षणाने दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांना दणका दिला; २००१ ते २००५ दरम्यान प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या, त्यानंतरच्या रद्द. त्या पदव्यांच्या जोरावर बढत्या मिळवलेले सरकारी कर्मचारीही त्यात सापडले. आज विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२० चे नियम लागू आहेत. कोणत्या विद्यापीठाला, कोणत्या अभ्यासक्रमासाठी आणि कोणत्या शैक्षणिक वर्षापुरती दूरस्थ किंवा ऑनलाइन शिकवण्याची परवानगी आहे, याची यादी आयोगाच्या दूरशिक्षण ब्युरोच्या वेबसाइटवर असते. विद्यापीठ खरे आहे म्हणून त्याचा ऑनलाइन कोर्सही मान्य आहे, असे धरता येत नाही; तपासायचे ते प्रवेशाचे वर्ष आणि कोर्सचे नाव. इग्नू किंवा नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ घेतले तरी हा पडताळा चुकत नाही.

अग्निवीरांच्या भूदलातल्या पहिल्या तुकड्यांचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. त्यांची चार वर्षे २०२७ च्या तोंडावर भरतात. त्या वेळी किती जण बाहेर पडले, त्यांतल्या किती जणांनी इग्नूची उरलेली निम्मी क्रेडिट पूर्ण केली आणि किती जण प्रमाणपत्रावर किंवा पदविकेवर थांबले, हे आकडे दलानुसार, राज्यानुसार आणि जिल्ह्यानुसार वेगवेगळे प्रसिद्ध करता येण्याजोगे आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात येणाऱ्या तरुणाला कोणत्या कॉलेजचे नाव सांगायचे, हे ठरवायला तेच लागतील.